१९ प्रश्न आणि चार दिवस न छापलेलं एक भाषण: आयर्लंडच्या खासदार कॅथरीन मर्फी

लिफीकाठी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत होतं, आज सुट्टी आहे म्हणून लिहून काढतोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी डब्लिनच्या पश्चिमेला लीक्सलिप नावाच्या गावात राहतो. लिफी आणि राय या दोन नद्यांच्या संगमावरचं हे गाव. इंटेलचा मोठा कारखाना इथेच, त्यामुळे आपली माणसंही बरीच आहेत. २०१२ मध्ये आलो तेव्हा इथल्या राजकारणातलं मला काडीचंही कळत नव्हतं. पुढे घरोघरी पाण्याचे मीटर बसवायला सुरुवात झाली, लोक भडकले, २०१४ मध्ये तर प्रचंड मोर्चे निघाले. शेजारचे आजोबा एकदा कुंपणापाशी उभे राहून म्हणाले, "मीटर कोण बसवतंय ते बघ. मग त्या कंपनीचं कर्ज कुणाच्या खिशातून गेलं ते बघ. नाहीच कळलं तर कॅथरीनला विचार."

कॅथरीन म्हणजे कॅथरीन मर्फी. तेव्हाच्या आमच्या किल्डेअर नॉर्थ मतदारसंघाच्या खासदार. १९८८ मध्ये लीक्सलिपच्या गाव समितीवर निवडून आल्या, १९९१ मध्ये जिल्हा परिषदेवर, २००५ च्या पोटनिवडणुकीत संसदेच्या खालच्या सभागृहात म्हणजे डॉलमध्ये. २००७ ला हरल्या, २०११ ला परत आल्या. एवढ्या वर्षांत मंत्रिपद एकदाही नाही. पक्ष तीन-चार बदलले, मधली बरीच वर्षं अपक्ष. कागदावर बघितलं तर किरकोळ कारकीर्द वाटेल. मला ती तशी वाटत नाही, आणि तेच सांगायला हा धागा काढलाय.

आधी पार्श्वभूमी. अँग्लो आयरिश बँक २००८ च्या मंदीत बुडाली. जानेवारी २००९ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. २०११ मध्ये आणखी एक बुडीत संस्था तिच्यात घालून आयबीआरसी नावाची बँक केली. या दोन संस्था सावरायला आयरिश जनतेचे जवळपास ३,५०० कोटी युरो गेले. देशाची लोकसंख्या तेव्हा ४६ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या निम्मी. भागाकार तुम्हीच करा.

या बँकेचं साइटसर्व्ह नावाच्या कंपनीवर सुमारे १५ कोटी युरोंचं कर्ज होतं. मार्च २०१२ मध्ये ही कंपनी साडेचार कोटी युरोंच्या आसपास विकली गेली. घेणारी कंपनी होती डेनिस ओब्रायन या आयर्लंडमधल्या अतिश्रीमंत उद्योगपतीची. बँकेने १० कोटी युरोंहून जास्त रक्कम सोडून दिली. कंपनी कर्जात पार बुडालेली असतानाही तिच्या भागधारकांना मात्र जवळपास ५० लाख युरो मिळाले. पुढे याच कंपनीच्या सिएरा नावाच्या शाखेला पाण्याचे मीटर बसवण्याच्या कंत्राटांत वाटा मिळाला. आजोबांना हेच म्हणायचं होतं.

मर्फीबाईंनी अर्थमंत्री मायकेल नूनन यांना या व्यवहाराबद्दल प्रश्न विचारायला सुरुवात केली. लेखी प्रश्न. एक, दोन, पाच, दहा. उत्तराचा सूर बहुतेक वेळा असा की बँकेचे व्यापारी निर्णय तिचं संचालक मंडळ घेतं, मंत्री रोजच्या कारभारात पडत नाहीत. बाई पुढच्या प्रश्नात शब्द बदलायच्या. एखादी तारीख घालायच्या, मंत्र्यांना कधी कळलं, कुणी कळवलं, कागद कुठे आहे असं विचारायच्या. असे १९ प्रश्न झाले. मी ते नंतर संसदेच्या संकेतस्थळावर क्रमाने लावून वाचले. एकेक वेगळा वाचला तर कंटाळा येतो. ओळीने वाचले की कळतं, ही बाई विहिरीचा तळ लागेपर्यंत दोर सोडत होती.

तळ लागला एप्रिल २०१५ मध्ये, तोही माहिती अधिकारातून. मिळालेल्या कागदांत दिसलं की २०१२ मध्येच अर्थखात्याच्या अधिकाऱ्यांनी बँकेच्या काही मोठ्या व्यवहारांबद्दल, त्यात साइटसर्व्हही आलं, चिंता व्यक्त केली होती आणि ती मंत्र्यांपर्यंत पोचली होती. सरकारने चौकशी जाहीर केली, पण दिली ती बँकेच्या अवसायकांकडेच, म्हणजे तोवर बंद केलेल्या या बँकेचा हिशेब मिटवायला नेमलेल्यांकडेच. ते ज्या हिशेबनीस कंपनीचे भागीदार, तिनेच विक्रीच्या वेळी साइटसर्व्हला सल्ला दिलेला! मग आणखी गदारोळ.

आणि आता २८ मे २०१५, गुरुवार. त्याच्या आठवडाभर आधी ओब्रायन यांनी उच्च न्यायालयातून आरटीई या सरकारी वाहिनीवर मनाई हुकूम मिळवला होता. त्यांच्या बँक व्यवहारांवरची बातमी दाखवायची नाही, असा. गुरुवारी मर्फीबाई डॉलमध्ये एक खासगी विधेयक मांडायला उभ्या राहिल्या. महालेखापरीक्षकाला या बँकेच्या अवसायनाचा कारभार तपासता यावा, यासाठीचं विधेयक. विधेयक मांडताना मिळणारी काही मिनिटं ही बहुधा रिकाम्या बाकांसमोरची असतात. त्या मिनिटांत त्यांनी सांगितलं की ओब्रायन यांचं बँकेकडे ५० कोटी युरोंच्या वर देणं होतं, त्यावर व्याज सुमारे १.२५ टक्के लागत होतं, आणि बँकेला साडेसात टक्के लावता आलं असतं असं म्हणायला जागा आहे.

संसदेतलं विधान होतं हे. उघड सभागृहात, चित्रीकरण चालू असताना केलेलं. तरीही ओब्रायन यांच्या वकिलांच्या पत्रांनंतर देशातल्या मोठ्या वर्तमानपत्रांनी आणि आरटीईने ते आकडे दिले नाहीत. मी त्या रात्री बातम्या लावून बसलो होतो. काहीतरी घडलंय एवढं कळत होतं, काय ते कुणी सांगेना. भाषणाचा शब्दन् शब्द संसदेच्या संकेतस्थळावर होता, परदेशी वर्तमानपत्रं त्यावर लिहीत होती, आणि आमच्या गावच्या दुकानातल्या पेपरात मात्र अवाक्षर नाही. शुक्रवार गेला, शनिवार-रविवार गेला, सोमवारी बँक हॉलिडे. मंगळवारी, २ जूनला, न्यायमूर्ती बिंची यांनी स्पष्ट केलं की त्यांच्या हुकुमाचा उद्देश संसदेतलं बोलणं छापण्यापासून कुणाला रोखण्याचा कधीच नव्हता. त्याच दिवशी सगळ्यांनी छापलं.

ओब्रायन यांनी आकडे चुकीचे असल्याचं आणि आपली खासगी माहिती चोरली गेल्याचं म्हटलं. त्यांची बाजूही नोंदवतो. पण त्या चार दिवसांत मला पहिल्यांदा समजलं की सभागृहात बोलणं आणि ते लोकांच्या कानावर पडणं यात किती अंतर असू शकतं.

---

खडकाळ

चांगलं लिहिलंय. पण शेवटी निष्पन्न काय झालं? कुणाला शिक्षा झाली का?

---

कोकणकन्या

लेख आवडला. तेव्हा आपले वराडचे लिओ वराडकर मंत्री होते ना? त्यांची भूमिका काय होती?

---

लिफीकाठी

@कोकणकन्या, हो, तेव्हा ते आरोग्यमंत्री होते. मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, आणि २०१९ च्या डिसेंबरात पंतप्रधान म्हणून तिथे येऊनही गेले. पण या प्रकरणाशी त्यांचं खातं जोडलेलं नव्हतं. त्यांच्यावर वेगळा धागा काढलात तर मी नक्की लिहीन, इथे नको.

@खडकाळ, सांगतो. जून २०१५ मध्ये सरकारला न्यायिक चौकशी आयोग नेमावाच लागला. सुरुवातीला नेमलेले न्यायाधीश बाजूला झाले, न्यायमूर्ती ब्रायन क्रेगन आले. नोव्हेंबरात त्यांनी सरकारला कळवलं की बँकेची गोपनीयता आणि वकील-अशील यांच्यातली गुप्तता आड येतेय, आहे त्या कायद्यात पुढे जाता येणार नाही. मग २०१६ मध्ये फक्त या आयोगासाठी वेगळा कायदा केला गेला. अहवाल आला सप्टेंबर २०२२ मध्ये. सात वर्षांनी! निष्कर्ष असा की हा व्यवहार गैरप्रकारांनी इतका डागाळलेला होता की बँकेच्या दृष्टीने तो व्यापारी तत्त्वावर योग्य नव्हता. बँकेने सद्हेतूने मंजुरी दिली, पण साइटसर्व्हच्या बाजूने तिला दिलेली माहिती अपुरी आणि दिशाभूल करणारी होती.

तुरुंगाचं म्हणाल तर आयोगाला शिक्षा द्यायचा अधिकारच नसतो. मला स्वतःला सात वर्षं लागल्याचं फार वाईट वाटतं. इतर अनेक व्यवहार तपासायचे राहिले ते राहिलेच. पण "मंत्री रोजच्या कारभारात पडत नाहीत" या एका वाक्यावर जे मिटणार होतं, ते दीड हजार पानांच्या आसपासच्या अहवालापर्यंत गेलं.

---

ताळेबंद

मी पेशाने सीए. आधी आकडेमोड: ५० कोटींवर सव्वा टक्का म्हणजे वर्षाला ६२.५ लाख. साडेसात टक्के म्हणजे ३ कोटी ७५ लाख. फरक ३ कोटी १२.५ लाख युरो, दरवर्षी. आकडे बरोबर आहेत असं धरलं तर.

आणि "तर" महत्त्वाचं आहे. जुन्या कर्जाचा दर जुन्या करारावर ठरतो. २००७ ला केलेल्या करारात मूळ दर अधिक थोडी टक्केवारी असं लिहिलेलं असेल आणि नंतर मूळ दर कोसळला, तर १.२५ हा दर कुणी मेहेरबानी न करताही निघू शकतो. बँक साडेसात लावू शकत होती का, हे करार संपला होता का, मुदतवाढ कोणत्या अटीवर दिली, यावर अवलंबून. सभागृहात एका दमात सांगितलेल्या दोन आकड्यांवरून मी तरी निष्कर्ष काढणार नाही.

दुसरं, जरा कडू बोलतो. बँकेतलं खातं ही माणसाची खासगी गोष्ट. उद्या एखादा आमदार विधानसभेत उभा राहिला आणि माझ्या गिऱ्हाईकाचं कर्जखातं वाचून दाखवलं, तर त्याने दाद कुठे मागायची? बोलणाऱ्यावर दावा लावता येत नाही. छापणाऱ्यावरही नाही.

---

लिफीकाठी

ताळेबंद, पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. माझ्या समजुतीप्रमाणे बाईंचं विधेयकही त्यासाठीच होतं. महालेखापरीक्षकाला कागद बघू द्या, म्हणजे सभागृहात कुणाला आकडे सांगत बसावं लागणार नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी वेगळा विचार करतो. ती बँक लोकांची होती. तिचं बुडीत कर्ज माझ्या पगारातून कापल्या जाणाऱ्या करातून भरलं जात होतं. गिऱ्हाईक खासगी, पण सूट दिली असेल तर ती सार्वजनिक पैशाची.

---

तिसरी_पायरी

वकिली करते, संविधान हा आवडीचा विषय, म्हणून राहवलं नाही.

आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेत कलम १५ चे दोन पोटभाग इथे महत्त्वाचे आहेत. १५.१३ म्हणतं की सभागृहातल्या वक्तव्याबद्दल सदस्य त्या सभागृहाखेरीज कोणत्याही न्यायालयाला जबाबदार नाही. आणि १५.१२ म्हणतं की सभागृहात केलेली वक्तव्यं, ती कुठेही प्रसिद्ध झाली तरी, विशेषाधिकाराने संरक्षित आहेत. "कुठेही प्रसिद्ध झाली तरी" हे शब्द थेट घटनेत आहेत. म्हणून २०१५ मधले ते चार दिवस मला जास्त चमत्कारिक वाटतात. घटना इतकी स्पष्ट असतानाही वकिलाच्या पत्राने संपादक थबकले. खटल्याचा खर्च डोक्यावर टांगलेला असला की घटना पाठ असूनही हात आखडतो, हे मी रोज बघते.

आता आपली घटना बघा. मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आपण आयर्लंडकडून घेतली हे शाळेत शिकलोय. संसदीय विशेषाधिकाराचं आपलं कलम १०५, आणि राज्य विधिमंडळांसाठी १९४. बोलणाऱ्या सदस्याला पूर्ण संरक्षण. पण प्रसिद्धीला संरक्षण मिळतं ते सभागृहाच्या अधिकाराखाली प्रसिद्ध झालेल्या मजकुराला. वर्तमानपत्राचं काय? मूळ घटनेत उत्तर नव्हतं. ते १९५६ च्या कायद्याने आलं, आणि तो आणला फिरोज गांधी यांनी, खासगी विधेयक म्हणून.

ताळेबंद, तुमच्या प्रश्नालाही उत्तर आहे. ओब्रायन यांनी डॉलच्या विशेषाधिकार समितीकडे तक्रार केली. समितीने मर्फी यांनी अधिकाराचा गैरवापर केलेला नाही असा निर्णय दिला. त्याविरुद्ध ते उच्च न्यायालयात गेले, २०१७ मध्ये हरले. सर्वोच्च न्यायालयात गेले, मार्च २०१९ मध्ये तिथेही हरले. सभागृहातल्या वक्तव्याचा न्याय सभागृहानेच करायचा, त्याच्या समितीचा निर्णय मागच्या दाराने न्यायालयात आणता येत नाही, असं न्यायालयाने धरलं. म्हणजे दाद मागायला जागा आहे, फक्त ती सभागृहाच्या आत आहे.

---

जुनाजाणता

तिसरी_पायरी यांनी १९५६ च्या कायद्याचं नाव काढलं आणि पोटात कालवलं. त्या कायद्याचं पुढे काय झालं तेही लिहायला हवं. आणीबाणीत, १९७६ च्या सुरुवातीला, तो रद्द केला गेला. फिरोज गांधींचा कायदा, आणि रद्द करणारं सरकार त्यांच्या पत्नीचं. १९७७ मध्ये जनता सरकारने परत आणला, आणि ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम ३६१-अ घालून घटनेतच पक्का केला. संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कामकाजाचा सारांशाने खरा वृत्तांत छापला तर दिवाणी-फौजदारी कारवाई नाही, छापण्यामागे द्वेषबुद्धी असल्याचं सिद्ध झालं तरच होईल.

मी तेव्हा पुण्यात कॉलेजात होतो. आणीबाणी जाहीर झाल्यानंतरच्या पहिल्याच अधिवेशनात विरोधी खासदार काय बोलले ते पेपरात यायचं नाही, सेन्सॉर होता. सायक्लोस्टाइल केलेले कागद हातोहात फिरायचे, अक्षरं पुसट, शाईचा वास. एका कागदावर भाषणातला अर्धाच परिच्छेद होता, तोही आम्ही खोलीत दार लावून मोठ्याने वाचला होता. लिफीकाठी, तुम्ही बातम्या लावून बसलात आणि कुणी काही सांगेना, हे वाचताना ते दार आठवलं.

मर्फीबाईंच्या १९ प्रश्नांवरून मला मधू लिमये आठवले. नियमांचं पुस्तक हातात घेऊन सभागृहात उभा राहणारा माणूस. अध्यक्ष नाही म्हणाले तर दुसरा नियम काढणार. आवाज चढवायची गरज पडायची नाही.

---

खडकाळ

@जुनाजाणता 🙏

---

तालुक्यातून

मी जिल्हा परिषदेची माजी सदस्य. हा धागा सकाळपासून तीनदा वाचला.

सभागृहात मी एकदा एका पाणीपुरवठा योजनेच्या देयकांबद्दल विचारलं होतं. टाकी उभी, पाइप पुरलेले, पाणी नाही, देयक मात्र पूर्ण निघालेलं. "माहिती संकलित करण्यात येत आहे" असं उत्तर आलं. पुढच्या सभेत परत विचारलं, तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारायला गेले तेव्हा ज्येष्ठ सदस्य बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, दोनदा विचारलंत, इतिवृत्तात आलं, आता पुरे." आणि मी थांबले. पाच वर्षं झाली. अजून बायका टँकरमागे पळतात.

मला विचारायचंय ते हे: या बाईंना कागद मिळाले कसे? आपल्याकडे माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये. तिकडे कसं आहे? आणि प्रश्न नेमके कसे विचारले, म्हणजे शब्दांत?

---

लिफीकाठी

ताई, तुमचं वाचून हातातला चहा तसाच राहिला.

आधी सोपं उत्तर. इथे अर्जालाच १५ युरो पडायचे. २०१४ च्या नव्या कायद्याने ती सुरुवातीची फी काढून टाकली. मर्फीबाईंनी खासदार असूनही सामान्य नागरिकासारखाच अर्ज केला, कारण सभागृहातल्या प्रश्नाला मंत्री जे द्यायचं ते उत्तर देतात, अर्जाला मात्र मूळ कागद द्यावा लागतो. दोन्ही वाटा एकाच वेळी चालवल्या हे त्यांचं शहाणपण. प्रश्नातून कागद कुठे आहे त्याचा सुगावा लागायचा आणि कागदातून पुढचा प्रश्न सुचायचा.

शब्दांबद्दल रात्री निवांत लिहितो.

---

ताळेबंद

तालुक्यातून ताई, देयकाची मापनवही मागा. मोजमाप कुणी, कोणत्या तारखेला घेतलं ते तिच्यात असतं. सोबत काम पूर्णत्वाचा दाखला आणि चाचणी अहवाल. काही अडलं तर मला निरोप करा, कागद वाचून देईन. फी वगैरे काही नाही.

---

तिसरी_पायरी

एक भर घालते, म्हणजे चित्र एकांगी होणार नाही. समित्यांच्या सुनावण्यांत आयर्लंडला एक मोठा धडा बसलाय. फेब्रुवारी २०१४ मध्ये रिहॅब या सरकारी निधी मिळणाऱ्या सेवाभावी संस्थेच्या तेव्हाच्या प्रमुख अँजेला केरिन्स लोकलेखा समितीपुढे स्वखुशीने आल्या. निमंत्रण एका विषयाचं, पण प्रश्न पगारापासून भलतीकडेच गेले, तेही तासन् तास. पुढे त्या न्यायालयात गेल्या आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समितीचं वागणं बेकायदा ठरवलं. एकेका सदस्याच्या शब्दांना हात लावला नाही, १५.१३ आडवं येतं. पण समिती म्हणून तुम्ही निमंत्रणाच्या कक्षेबाहेर गेलात आणि सगळ्यांनी ते चालू दिलं, असं म्हटलं.

गंमत बघा, ओब्रायन यांचा निकाल आणि केरिन्स यांचा निकाल एकाच वर्षातला. सभागृहातलं भाषण अस्पर्श, पण बोलावून आणलेल्या माणसाला समितीने कसं वागवावं याला मर्यादा. मला दोन्ही निकाल पटतात.

---

लिफीकाठी

अगदी बरोबर, आणि हे सुटलं असतं तर लेख लंगडा राहिला असता. मर्फीबाई त्या २०१४ च्या समितीत नव्हत्या. लोकलेखा समितीवर त्या २०१६ नंतर आल्या, पुढे उपाध्यक्षही झाल्या. त्यामुळे त्यांचं समितीतलं सगळं काम त्या खटल्याच्या सावलीतलं.

२०२३ चं आरटीई प्रकरण मी जवळजवळ पूर्ण बघितलं. जूनमध्ये वाहिनीने कबूल केलं की रायन टब्रिडी या सगळ्यात महागड्या निवेदकाचं मानधन जाहीर आकड्यापेक्षा काही वर्षांत मिळून ३ लाख ४५ हजार युरोंनी जास्त होतं. मग लोकलेखा समितीपुढे एकामागून एक साहेब. जाहिरातीच्या बदल्यात वस्तू आणि सेवा घेण्याचं एक आडखातं निघालं. त्यातून एका उन्हाळी मेजवानीसाठी जवळपास ५ हजार युरोंच्या स्लिपर घेतल्याचंही निघालं. देशभर चर्चा झाली ती स्लिपरांची. काही सदस्य टीव्हीसाठी बोलत होते, ते दिसत होतं. मर्फीबाईंची पाळी आली की खोलीतला आवाज खाली यायचा. प्रश्न छोटे असायचे. हे खातं कधी उघडलं, कुणाच्या परवानगीने, लेखापरीक्षकांना दाखवलं का? उत्तर लांबलं की त्या तेवढ्याच शांतपणे पहिल्या प्रश्नावर परत. समोरच्याचा अपमान होईल असा शब्द मी तरी ऐकला नाही, आणि उत्तर चुकवणंही त्या माणसाला जमलं नाही. २०१५ मध्ये ज्या वाहिनीला बोलता येत नव्हतं म्हणून त्या भांडल्या, तिच्याच हिशेबाबद्दल त्या आता विचारत होत्या. मला यात विसंगती दिसत नाही, लोकांचा पैसा दोन्हीकडे होता.

---

कोकणकन्या

अजून आहेत का त्या संसदेत? तुम्ही मत दिलंत का त्यांना?

---

लिफीकाठी

स्थानिक निवडणुकीत इथे राहणारा कुणीही मत देऊ शकतो, पण संसदेसाठी आपल्यासारख्यांना नागरिकत्व लागतं. मला ते मिळाल्यावर २०२० ला पहिलं मत दिलं. इथे पसंतीक्रमाने मत देतात. त्यांच्या नावापुढे १ लिहिला तेव्हा हात थरथरला, खरंच सांगतो. २०१५ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर सोशल डेमोक्रॅट्स हा पक्ष काढला होता, २०२३ मध्ये त्याचं नेतृत्व तरुण खासदाराकडे दिलं, आणि २०२४ ची निवडणूक लढवली नाही. त्या निवडणुकीत पक्षाचे ११ जण निवडून आले. आमची जागाही पक्षाकडेच राहिली. शेजारचे आजोबा आता नाहीत, त्यांना हे सांगायचं राहिलं.

आणि ताई, रात्री लिहितो म्हणालो होतो ते. त्या १९ प्रश्नांतून मला जे उमगलं ते असं. "गैरव्यवहार झाला का" असं विचारलं की "नाही" एवढं उत्तर पुरतं. म्हणून तारीख मागायची. "अंतिम देयक कोणत्या तारखेला, कुणाच्या सहीने मंजूर झालं?" याला "नाही" म्हणता येत नाही. एका प्रश्नात एकच गोष्ट. दोन घातल्या की सोप्या अर्ध्याचं उत्तर मिळतं. मागच्या उत्तरातलं त्यांचंच वाक्य पुढच्या प्रश्नाच्या सुरुवातीला लिहायचं, तारखेसकट. "माहिती संकलित करण्यात येत आहे" असं आलं, तर पुढचा प्रश्न: संकलन कोण करतंय, कधी सुरू केलं, आजवर कोणते कागद मिळाले? आणि प्रत्येक उत्तर एका वहीत क्रमाने चिकटवा. इथे ते काम संसदेचं संकेतस्थळ करतं, १९१९ पासूनचं सगळं आहे त्यात. तुमच्याकडे वही.

---

जुनाजाणता

ताई, वही मी पाठवतो. पत्ता निरोपात द्या.

---

तालुक्यातून

वही आहे काका, नातीची अर्धी कोरी आहे, तीच घेतली.

पहिला अर्ज आत्ता लिहून झाला. ताळेबंद यांनी सांगितलेल्या मापनवहीचाच मागितलाय, बाकी काही नाही. मी आता सदस्य नाही, म्हणून नागरिक म्हणून सही केली. सोमवारी आवक-जावकला देते आणि पोच घेते.

---

ताळेबंद

पोचेवर क्रमांक आणि तारीख दोन्ही बघून घ्या. तिथून ३० दिवस मोजायचे.